फ्लॉक्सची पिलं

माझ्या घराच्या उत्तरेकडच्या भिंतीलगत एक लहानसा वाफा आहे. सध्या त्यात काही नाही. घरी कामाला येणाऱ्या मावशी अधूनमधून सुचवतात, तिथे निदान कढीपत्ता तरी लावा, जागा वाया चाललीय. मी हो म्हणते आणि विषय बदलते. त्या वाफ्यात मला काही लावायचं नाही आणि तो मोकळा बघवतही नाही. अशी गत आहे.

तिथे फ्लॉक्स होता. बँकांच्या नि सरकारी कचेऱ्यांच्या आवारात हिवाळ्यात वीतभर उंचीची रंगीबेरंगी झाडं लावतात आणि ऊन तापलं की उपटून फेकतात, त्यांनाही फ्लॉक्सच म्हणतात. हा त्यातला नव्हे. हा कमरेइतका वाढणारा, वर्षानुवर्षं त्याच मुळावर फुटणारा. थंडीत वरचं सगळं वाळतं, नुसत्या काड्या उरतात, आणि माघात जमिनीतून नवे कोंब येतात. श्रावणात फुलू लागला आणि नीट राखला, तर दिवाळीपर्यंत फुलत राहतो. गुलाबी फुलांचे भरगच्च गुच्छ, आणि संध्याकाळी त्यांना मंद वास येतो. झाड मुळात थंड मुलखातलं. धुळ्याच्या उन्हात त्यानं जगावं असं काही कारण नव्हतं. तो उन्हानं मेला असता तर मी दोन दिवस हळहळले असते आणि गप्प बसले असते.

तो आईनं आणला होता. मुक्ताईनगरजवळच्या आमच्या गावात तिचं सगळं आयुष्य केळीच्या बागेत गेलं. उतारवयात एकदाच गावातल्या बायकांबरोबर हिमाचलकडे देवदर्शनाला गेली. परतीच्या गाडीतून भुसावळला उतरल्या तेव्हा बाकीच्या बायकांच्या हातात सफरचंदांच्या पेट्या होत्या आणि हिच्या हातात जेवणाचा स्टीलचा डबा. डब्यात ओल्या रुमालात गुंडाळलेली मुळं. उतरल्या होत्या त्या लॉजच्या माळ्याकडून मागून आणलेली. "दोन दिवस डबा मांडीवरून खाली ठेवला नही मी," ती म्हणाली. कधी नव्हे ते तिनं स्वतःसाठी काही आणलं होतं.

नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, डबा उघडून पाहिला आणि हसले. "इथं मानसं जगत नही उन्हाची, हे जगीन?"

आईनं ते मनावर घेतलं. घराच्या सावलीकडच्या बाजूला, खिडकीत कूलर बसवला होता त्याच्या खाली तिनं ती मुळं लावली. कूलरचं पाणी रात्रंदिवस ठिबकायचं, तेवढी माती गार राहायची. पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, पडली की आंबट ताक पाण्यात कालवून शिंपडायची. पौषात झाडाला थंडी कमी पडते म्हणून फ्रीजमधला बर्फ आणून बुंध्याशी ठेवायची. नाना म्हणायचे, आता त्याले स्वेटर घाल. ज्याला घड येत नाही त्या झाडासाठी एवढा खटाटोप त्यांच्या डोक्याबाहेरचा होता. पण श्रावणात फुलं आली की हेच नाना संध्याकाळी खुर्ची उचलून तिथे नेऊन बसायचे. आई चहा घेऊन पायरीवर बसायची. दोघं फारसं बोलायचे नाहीत. मी सुट्टीत गेले की मला त्या दोघांचा हेवा वाटायचा, हे आज कबूल करायला हरकत नाही.

नानांचं विसरणं आई असतानाच सुरू झालं होतं, पण तिनं ते कोणाला कळू दिलं नाही. पाहुणा आला की त्याचं नाव तीच आधी मोठ्यानं घ्यायची. बागेत कुठल्या ओळीचं काय राहिलंय ते सकाळी चहाबरोबर सांगून टाकायची. ती मार्गशीर्षात अचानक गेली तेव्हा आमच्या पुढ्यात सगळं उघडं पडलं. तेराव्याच्या दिवशी नाना दारात उभे राहून आलेल्यांना विचारत होते, कार्य कोणाचं आहे.

मी धुळ्याला सरकारी कचेरीत नोकरीला आहे, एकटी राहते. नानांना माझ्याकडे आणलं. येताना वाफ्यातून फ्लॉक्सचा गड्डाही मातीसकट उकरून आणला. सोबत कपड्यांची एक बॅग आणि नानांचा जुना विळा. दिवसभर नानांजवळ मावशी थांबायच्या. वाफा मी आईसारखाच केला, उत्तरेच्या भिंतीला, कूलरच्या खाली. मावशींनी त्यांच्या अहिराणीत विचारलं, "हाई कसानं झाड शे, ताई?" मी म्हटलं, आईचं आहे.

नानांनी मला ओळखणं थोड्याच दिवसांत बंद केलं. आमच्या गावच्या शाळेत पूर्वी एक शिक्षिका होत्या. बहुधा त्या म्हणजेच मी, असं त्यांच्या मनानं घेतलं. मोठ्या अदबीनं वागायचे. मी खोलीत गेले की उठून उभे राहायचे. "बाई, तुमची बदली कुठी झाली?" असं रोज विचारायचे. सुरुवातीला मला हसू यायचं, कचेरीत मैत्रिणींना सांगायचेही. मग हसू येईनासं झालं. जन्मदात्यानं आपल्याला अहोजाहो करावं यात हसण्यासारखं काय आहे?

श्रावणात फ्लॉक्स फुलला. मी कचेरीतून आले तर नाना खुर्ची घेऊन वाफ्याजवळ बसले होते. मला पाहून उठले नाहीत. म्हणाले, "तुही माय कुठी गेली व? चहा नही आनला अजून."

मी हातातली पिशवी खाली ठेवली. तुही माय. म्हणजे मी कोण, हे त्यांना त्या घटकेला पक्कं ठाऊक होतं. मी म्हटलं, मुक्ताईच्या दर्शनाला गेलीय. "मंग तू कर चहा," ते म्हणाले, आणि मी चहा केला. तो चहा करताना मी रडले, आणि आई गेली तेव्हाही एवढी रडले नव्हते.

पुढे रोज तेच. ती कधी दर्शनाला गेलेली असायची, कधी बोदवडला तिच्या बहिणीकडे. "कधी येईन?" असं विचारायचे. येईल उद्या-परवा, मी सांगायचे. खोटं बोलतेय याची मला तसूभर लाज वाटली नाही. दिवसभर ते मला बाईच म्हणत, पण संध्याकाळी फुलांजवळ बसले की तासभर मी त्यांची मुलगी असायचे. डोक्याला तेल लाव, केस किती कोरडे झाले तुझे, असंही एकदा मला म्हणाले. त्या वर्षी दसऱ्याच्या आधीच फुलं संपली आणि नाना खुर्ची न्यायचे थांबले. वाळक्या काड्यांकडे पाहून त्यांना कोणाचीच आठवण येत नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही मी खोलीत गेले तर उठून उभे राहिले.

दुसऱ्या वर्षी मी चंगच बांधला. हे झाड जास्तीत जास्त दिवस कसं फुलतं ते शिकायचं. मोबाइलवर वाचलं, कृषी महाविद्यालयातल्या एका ओळखीच्या बाईंना विचारलं. गुच्छातलं फूल सुकायला लागलं की तो शेंडा लगेच कापायचा, बी धरू द्यायचं नाही, मग खालच्या पेरातून नवी फूट येते आणि दुसरा बहर मिळतो. पाणी मुळाशी द्यायचं, पानांवर नाही. दर आठवड्याला ताक. मी सकाळी कचेरीत जायच्या आधी कात्री घेऊन बसायचे. एक सुकी पाकळी राहू दिली नाही. शेजारच्या बायका म्हणायच्या, प्रदर्शनात ठेवणार का? मी म्हणायचे, हो. माझा हिशोब वेगळाच होता. जितके दिवस फूल, तितके दिवस मी. त्या वर्षी श्रावणापासून दिवाळी होऊन तुळशीच्या लग्नापर्यंत फ्लॉक्स फुलला. साडेतीन महिने रोज संध्याकाळी मला वडील होते. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण ऐकणाऱ्याला ते वेडेपणाचं वाटलं असतं.

थंडीत काड्या वाळल्या. त्या मी मुद्दाम कापल्या नाहीत. कोंब नेमके कुठून येतील ते लक्षात राहावं, आणि तिथे कोणाचा पाय पडू नये, म्हणून खुणेला तीन काड्या उभ्या ठेवल्या. पौषात बर्फ ठेवला. नाना बघत होते, पण स्वेटरचा शेरा त्यांच्या तोंडून आला नाही. त्यांचे हात त्या दिवसांत फार अस्वस्थ झाले होते. बसल्या जागी चादरीचे धागे ओढायचे, सदऱ्याची बटणं तोडायचे. मला गावाहून आणलेल्या विळ्याची आठवण झाली. काढून त्यांच्या हातात दिला. हात लगेच शांत झाले. कुंपणाच्या कडेचं गवत कापत दोन-दोन तास बसायचे. विळा कसा धरायचा हे त्यांचा हात विसरला नव्हता. मावशी घाबरल्या, पण मी म्हटलं, कापू द्या, उभ्या जन्मात त्यांनी विळ्यानं स्वतःला ओरखडा काढून घेतलेला नाही. विळा मीच दिला, हे मी पुन्हा सांगते.

माघात कोंब आले. आधी दोन, मग पाच, मग वाळक्या काड्यांभोवती चांगले अकरा. लालसर, जाड, बोटभर उंचीचे. गेल्या वर्षी सातच होते. मी मनात आखून टाकलं, या वर्षी गड्डा मोठा झालाय, फुलं दुप्पट येतील.

शनिवार होता. मी न्हाऊन केस पुसत चहा घेऊन बाहेर आले. नाना वाफ्यापाशी उकिडवे बसले होते. शेजारी अकराच्या अकरा कोंब कापून एका ओळीत मांडलेले, शेंडे एका बाजूला, बुंधे एका बाजूला. मधल्या तीन वाळक्या काड्यांना त्यांनी छान मातीची भर दिली होती आणि कुठून तरी सुतळी शोधून त्या भिंतीतल्या खिळ्याला बांधून आधारही दिला होता. कपाळावर घाम, पण चेहरा इतका प्रसन्न की तसा मी दोन वर्षांत पाहिला नव्हता.

"पिलं काढली सगयी, बाई," ते म्हणाले. "आता मोठ्या झाडाले जोर येईन. घड चांगला पडीन."

केळीच्या मुलखात हे लेकरालाही कळतं. केळीच्या बुंध्याभोवती जमिनीतून पिलं फुटतात. ती ठेवली तर मोठ्या झाडाचं अन्न खातात आणि घड बारीक राहतो. म्हणून विळा घेऊन ओळीनं फिरायचं आणि पील दिसलं की कापायचं. नुसतं वरून कापलं तर आठवड्यात परत फुटतं, म्हणून कापल्यावर विळ्याचं टोक आत घालून गाभा फिरवून काढायचा. नानांनी हे काम साठ वर्षं केलं. अर्धवट काम त्यांनी कधीच केलं नाही. अकराही ठिकाणी विळ्याचं टोक खोल फिरवलेलं होतं. फ्लॉक्समध्ये पील हेच झाड असतं आणि उभं असतं ते मेलेलं असतं, हे त्यांना कोणी सांगितलं होतं? मी पौषभर बर्फ ठेवला, ताक केलं, पण एवढी एक गोष्ट त्या माणसाला सांगितली नाही.

हे शहाणपण आताचं. त्या घटकेला माझ्या हातातून चहाचा कप पडला आणि मी ओरडले. कचेरीत, घरात मी शुद्ध भाषा बोलते, पण त्या दिवशी रागात गावचीच भाषा बाहेर आली.

"काय केलं हे नाना तुम्ही? मायचं एवढंच राह्यलं व्हतं. माय मेली, नाना. दोन वर्षं झाली तिले मरून. अन् आज हेबी मारलं तुम्ही."

नानांनी विळा हळूच जमिनीवर ठेवला. माझ्याकडे पाहिलं. मग विचारलं, "केव्हा?"

माझी नजर कापलेल्या कोंबांवर होती.

"मले कोनी सांगितलं नही," ते म्हणाले.

त्या वेळी मी खाली बसायला हवं होतं. त्यांना जवळ घ्यायला हवं होतं. दोन वर्षं ज्यासाठी मी झुरत होते ते माझ्यासमोर होतं. एक नवरा आपल्या बायकोच्या मरणाची बातमी पहिल्यांदा ऐकत होता आणि सांगणारी त्याची मुलगी होती. मी काय केलं? कोंब गोळा केले आणि ते पाण्यात ठेवायला मोरीकडे पळाले. झाड वाचतंय का ते बघायला. नाना तिथेच मातीत बसून होते. मावशींनी त्यांना उठवून आत नेलं, हात धुतले. संध्याकाळी मावशी जाताना म्हणाल्या, "नाना आज जेवनात नही, ताई." ताट तसंच झाकलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी आई मेल्याचं ते विसरले. मला वाटलं, चला, सुटलो. पण सगळं विसरलं नव्हतं. त्यांनी विळा आपल्या हातानं कॉटखाली अगदी भिंतीशी सरकवून ठेवला आणि पुन्हा कधी मागितला नाही. परत चादरीचे धागे ओढायला लागले. माझ्या स्कूटरचा आवाज फाटकाशी आला की बाहेरून उठून आत जायचे आणि कॉटवर गुडघ्यांवर हात ठेवून बसायचे. कशामुळे घाबरायचं ते त्यांना आठवत नव्हतं, घाबरायचं एवढं आठवत होतं. मावशींनी एकदा सरळच विचारलं, "काय बोलनात तुम्ही त्यास्ले? गाडीना आवाज उना का घाबरतस."

झाड वाचवायला मी जे जमेल ते केलं. अकरा कोंब कुंडीत लावले. त्यातले नऊ आठवडाभरात काळे पडले, दोनांनी मुळं धरली. त्यांना हिरव्या जाळीखाली, कूलरसमोर ठेवलं. वाफ्यातल्या गड्ड्यावर ओलं गोणपाट घातलं. चैत्रात तिथून एक बारीकशी फूट आली, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. ती बोटभर होऊन पिवळी पडली. वैशाखात एके दिवशी दुपारभर वीज नव्हती. मी संध्याकाळी आले तर कूलर बंद आणि कुंडीतले दोन्ही कोंब माना टाकून पडलेले. पाणी घातलं, बर्फ घातला. सकाळी ते चुरचुरीत वाळले होते. मग मी वाफा खणून पाहिला. खाली मुळं कुजून काळी झाली होती, हातात घेतली तर त्यांचा चिखल झाला. मोबाइलवरून बी मागवलं, ते बँकेच्या आवारातल्या वीतभर झाडांचं निघालं. हिमाचलच्या त्या लॉजचं नाव आईशिवाय कोणाला माहीत नव्हतं. त्या बायकांपैकी दोघींना मी फोन केला. एक म्हणाली, हिरवं फाटक होतं.

मावशी समजूत घालायच्या, "झाड मरी गयं ते दुसरं लाई लेवा, ताई." चूक काहीच नव्हतं त्यांचं. झाडच होतं ते.

श्रावण आला. मी मनाशी म्हणत होते, कदाचित फुलांशिवायही विचारतील. हवा तीच, पावसाची उघडझाप तीच, संध्याकाळचा उजेड तोच. कधी तरी खुर्ची उचलतील आणि म्हणतील, तुही माय कुठी गेली. मी उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती. महिना उलटत आला तरी त्यांनी काही विचारलं नाही. आई त्यांच्यातून गेली होती. दोन वर्षं ती फुलांच्या दिवसांत तरी जिवंत असायची, ती आता पुरती गेली, आणि तिच्याबरोबर मीही.

परवा रविवारी मी वाफ्यातलं गवत काढत होते. मागे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. नाना. खुर्ची त्यांनी नेमकी जुन्या जागी ठेवली, पण बसले नाहीत. माझ्या बाजूला येऊन गुडघ्यांवर हात ठेवून हळूहळू उकिडवे झाले. मी मान वर केली नाही. आता विचारतील, आता विचारतील, असं माझं चाललं होतं.

त्यांनी आधी फाटकाकडे पाहिलं. मग माझ्याजवळ वाकून हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, इथं एक झाड व्हतं. माह्या हातून खराब झालं. माह्या पोरीले सांगू नका."

मी हातातलं गवत बाजूला ठेवलं. मग मी विचारलं, "कुठे असते तुमची मुलगी?"

"धुय्याले. मोठ्या कचेरीत हाये." हे सांगताना त्यांची मान जराशी ताठ झाली. "चांगली हाये पोरगी. पन आता लई बोलते मले."

"नाही सांगणार," मी म्हटलं.

"ती यायच्या आत माती सारखी करून टाकू," नाना म्हणाले, आणि दोन्ही तळव्यांनी वाफ्यातली माती सपाट करायला लागले. मीही माझ्या बाजूची माती त्यांच्याकडे सारत गेले.